गावचा जुना पाट बुजवायचा म्हणतात. पांझरेच्या पाटांबद्दल कोणाला काय माहीत आहे?

पांझराकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठावर आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण घरातलंच आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात, शेती चुलतभाऊ बघतो. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेलो तर पारावर एकच विषय: गावातून जाणारा जुना पाट. शाळेपासून मारुतीपर्यंत त्यावर स्लॅब टाकून रस्ता रुंद करायचा आणि तिथून पुढचा, मळ्यांकडे जाणारा पट्टा मुरूम टाकून सपाट करायचा असं घाटतंय. ग्रामसभेत विषय येणार आहे.

बोलणारे चुकीचं बोलतात असंही नाही. पाटात वर्षाचे सहा-आठ महिने पाणी नसतं. असतं ते सांडपाणी, त्यावर प्लास्टिक आणि डास. बैलगाड्यांच्या काळातला रस्ता, दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की एकाला मारुतीपर्यंत मागं मागं जावं लागतं.

माझ्या लहानपणी याच पाटात आम्ही पोरं सुट्टीभर डुंबायचो. आजी गोधड्या धुवायची. पाटाचं पाणी फिरवणारे पाटकरी आबा खांद्यावर फावडं टाकून येताना दिसले की सगळी पोरं बाहेर, कारण काठाची माती पायानं ढासळवली की आबा थेट घरी येऊन सांगायचे. माझ्या आजोबांना ते मान देऊन "भाऊ" म्हणायचे, पण पाळी नसताना चारीचं तोंड उघडलं म्हणून याच भाऊंना त्यांनी चारचौघांत झापलेलं मी पाहिलंय. आजोबा मान खाली घालून ऐकत होते! घरात त्यांच्यासमोर बोलायची कोणाची टाप नव्हती.

फड बागायत हा शब्द ऐकून आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, एवढं कळतं. पण हे किती जुनं, कोणी बांधलं, चालायचं कसं आणि आता त्याचा खरंच काही उपयोग उरलाय का? ग्रामसभेत उभं राहून "आमच्या लहानपणी आम्ही यात पोहायचो" एवढंच सांगितलं तर लोक हसतील. ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा.

तापीतीर

वाचतोय. आमच्याकडे शिरपूर बाजूला पाट नव्हता, पण हा विषय कोणीतरी काढायलाच हवा होता.

दादरवाला

मी फडातच वाढलो, अजून शेती करतो. जमेल तसं लिहितो.

बंधारा नदीच्या अरुंद, खडकाळ जागी. त्याच्या एका टोकातून पाट निघतो, साधारण दोन ते बारा किलोमीटर लांब. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग म्हणजे वावरात पाणी नेणाऱ्या नाल्या. जास्तीचं पाणी परत नदीला सोडायला जागोजागी सांडम. पाटाखालच्या जमिनीला कायम बागायत म्हणायचं आणि तिचे फड पाडलेले, बहुतेक गावांत चार. एक फड दहा हेक्टरचाही असतो आणि दोनशेचाही, पण सव्वाशेच्या आसपासचे जास्त.

आता खरी मेख. एका फडात एकच पीक. तुमची मर्जी चालत नाही. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा, कोणता फड पडीक ठेवायचा हे गाव बसून ठरवणार. यंदा नदीला पाणी कमी दिसलं तर उसाचा फड एकच, बाकी हंगामी. म्हणजे पाणी बघून पीक, पीक बघून पाणी नाही. दरवर्षी फड बदलत जातो म्हणून जमीन चिबड होत नाही म्हणजे पाणी साचून बिघडत नाही, खारवत नाही. बारमाही ऊस एकाच जागी लावून कालव्याखालच्या जमिनींचं दुसरीकडे काय झालं ते बघून या.

आणि बहुतेक घरांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. उभ्या, लांबट पट्ट्या. माझ्या आजोबांचे चार फडांत चार तुकडे होते. लहानपणी मला हा वेडेपणा वाटायचा, एकाच जागी घेऊन टाकावी की. मोठा झाल्यावर कळलं की एक फड पडीक राहिला तरी कोणाचंच घर पूर्ण कोरडं राहत नव्हतं. शेपटाला म्हणजे पाटाच्या शेवटाला पाणी पोचावं ही माथ्यावाल्याचीही (सुरुवातीला जमीन असणाऱ्याचीही) गरज, कारण त्याचाही एक तुकडा दुसऱ्या फडात शेपटाला असायचा.

माणसं अशी: पाटकरी पाणी फिरवणार, हवालदार पाटकऱ्यांवर देखरेख करणार, जागल्या पिकं राखणार, बारेकरी वावरात पाणी भरणार. मालकानं स्वतः दांड धरायचा नाही, म्हणजे पाण्याला हात लावायचा नाही! पाणी कोणाला किती हे पाटकरी ठरवणार, मालक घरी. मोबदला धान्यात, खळ्यावर. पीक बुडालं तर त्यांचंही बुडालं, मग पाणी कमी पडू देतील का?

सिव्हिलवाला

दादरवाला, मस्त लिहिलंत. त्यात थोडं गणित घालतो.

असा पाट साधारण ४५० लिटर सेकंदाला वाहून नेतो असं धरतात. २४ तास सलग चालला तर दिवसाला ३ कोटी ८८ लाख लिटर, म्हणजे ३८,८८० घनमीटर. एका पाळीला साडेसात सेंटीमीटर पाणी धरलं तर दिवसात ५० हेक्टरच्या थोडं वर भिजतं. म्हणजे शंभर-सव्वाशे हेक्टरचा फड गळती धरून तीन-चार दिवसांत निघतो आणि चार फडांचा फेरा पंधरवड्यात पुरा होतो. गव्हाला दोन पाळ्यांत जेवढं अंतर लागतं जवळपास तेवढंच. फडाचा आकार उगाच तेवढा नाही. ज्यांनी आखला त्यांच्याकडे फ्लोमीटर नव्हता एवढंच.

दप्तरखाना

"किती जुनं" यावर. ठोकळमानानं तीनशे ते चारशे वर्षं असं अभ्यासक धरतात. पांझरा, मोसम आणि आरम या तीन नद्यांवर ही पद्धत फुलली, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत. मोसम-आरम गिरणेला मिळतात, पांझरा मुडावदला कपिलेश्वराच्या पायाशी तापीला. सगळं तापीचंच खोरं.

गावोगावी "हा बंधारा फारुकी बादशहानं बांधला" असं सांगतात. फारुकी घराणं चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६०१ पर्यंत इथं होतं, आधी थाळनेर आणि नंतर बुऱ्हाणपूर. १६०१ ला अकबरानं अशीरगड घेतला आणि ते संपलं. मात्र कुठल्याही जुन्या दगडी कामाला बादशहा नाही तर पांडव चिकटवायची आपल्याकडे सवय आहे, तेवढं लक्षात ठेवा. बांधकाम कोणाचंही असो, दरवर्षी पुरानंतर ते सावरलं कोणी? गावानं.

१८०२ ते १८०४ मध्ये होळकरांच्या धामधुमीत आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात खानदेश उजाड झाला. १८१८ ला इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला ठाणं केलं. गावं ओसाड, बंधारे फुटलेले. बंधारा फुटला म्हणजे दगड हलले एवढंच नसतं, तो बांधायला जमणारी माणसं पांगलेली असतात. पुढची पन्नास वर्षं सरकारनं काही बंधारे दुरुस्त केले, काही लोकांनी केले. १८७२ साली गिरणा-पांझरेला मोठा पूर आला. १८७९ ला मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा आला आणि नद्यांच्या पाण्यावर सरकारचा हात पक्का झाला. तरी गावकऱ्यांनी चालवायच्या लहान बंधाऱ्यांना पुढे "द्वितीय वर्गाची कामं" म्हणून वेगळं ठेवलं. फड टिकला त्याचं हेही एक कारण.

सटाण्याची लेक

माझं माहेर आरमच्या काठचं, सासर धुळ्याचं. बायकांचा पाट वेगळाच हं. तुम्ही सगळे पाळ्या आणि हेक्टर मोजताय, आमच्यासाठी पाट म्हणजे घराबाहेर तासभर बसायची हक्काची जागा. धुणं निमित्त. कोणाच्या सासूनं काय केलं, कोणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं त्या दगडांवर कळायचं. श्रावणात कानबाई उठल्या की रोटांचा नैवेद्य झाल्यावर मिरवत नदीवर न्यायच्या, आणि नदी आटलेली असली की पाटावर. म्हाताऱ्या म्हणायच्या, पाटाचं पाणी म्हणजे नदीचंच, चालतं.

नळ आले तेव्हा आम्ही आनंदानं उड्या मारल्या, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर पाटाकडे बायका जाईनाशा झाल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत लोकांनी गटारीची तोंडं पाटात सोडली. धुणं चालू असताना कोणाची छाती झाली नसती, बायकांनी दारात जाऊन भांडण केलं असतं.

भरीतप्रेमी

हे शेवटचं वाक्य एकदम पटलं.

मेहुणबारेकर

आमच्या गिरणेचं थोडं वेगळं. आम्ही फडाचे नाही, सरकारी कालव्याचे. चाळीसगाव तालुक्यात जामद्याला ब्रिटिशांच्या काळातला बंधारा, त्यातून जामदा डावा आणि जामदा उजवा हे कालवे. पुढे खाली दहिगावचा बंधारा. वर कळवण तालुक्यात १९११ चं चणकापूर. मग नांदगाव तालुक्यात गिरणा धरण झालं, १९६९ साली, आणि सगळा खेळ बदलला. आधी जामद्याचा कालवा नदी वाहील तसा वाहायचा. आता धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातून जामद्यापर्यंत येतं आणि तिथून कालव्यात वळतं. म्हणजे जुना कालवा नव्या धरणाचा शेवटचा हात झाला.

धरण साडेअठरा टीएमसीचं, पण भरेल त्या वर्षी. भरलं तर रब्बीला आवर्तनं, म्हणजे ठरावीक काळानं सोडलेलं पाणी. नाही भरलं तर मालेगावपासून जळगावकडच्या गावांपर्यंतचं पिण्याचं पाणी आधी, शेती नंतर. त्या वर्षी कालवा कोरडा आणि नदीतून आवर्तन. आणि नदीतून सोडलेलं पाणी पोचतं तरी कुठवर! पात्रातली वाळू उपसून उपसून खड्डे पडलेत, निम्मं पाणी ते खड्डे भरण्यातच जातं. सात बलून बंधारे (रबरी फुग्याचे) होणार हे तर मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, आता माझा मुलगा ऐकतोय.

आमच्याकडे पाणी हवं तर सात नंबरचा फॉर्म भरायचा. शेजपाळी म्हणजे पाण्याच्या पाळ्यांचा क्रम लावायचा, शेपटाकडून माथ्याकडे भिजवत यायचं, नियम सगळे कागदावर छान. प्रत्यक्षात माथ्यावाला रात्री दरवाजा उचलतो. मी शेपटाचा आहे म्हणून सांगतो. एका वर्षी अर्ज भरला, पट्टी भरली, आणि पाणी आलं ते हरभरा काढून झाल्यावर. तक्रार कुठे केली, काय झालं, ते सोडा.

फडातला आणि आमच्यातला फरक एवढाच, की आमच्या माथ्यावाल्याचा शेपटाला एकही तुकडा नाही.

सिव्हिलवाला

विश्वेश्वरय्यांचा विषय कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, नाशिक-खानदेशात नेमणूक. वय २३-२४. सुरुवातीच्याच कामांत एक म्हणजे पांझरेच्या पाण्याखालून पाइपचा सायफन. साक्री तालुक्यातलं दातर्ती ते हेच. धागाकर्त्याच्या गावापासून लांब नसावं!

सायफन म्हणजे काय ते थोडक्यात. पाट चालत चालत नदीच्या किंवा नाल्याच्या काठाशी येतो आणि पाणी पलीकडे न्यायचंय. वरून नेलं तर पूर वाहून नेईल. म्हणून पात्राच्या खाली पाइप गाडायचा. अलीकडच्या विहिरीत पाणी शिरतं, पाइपातून खाली जातं, पलीकडच्या विहिरीत आपोआप वर येतं, कारण पाणी स्वतःची पातळी शोधतं. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा थोडं खाली ठेवायचं म्हणजे घर्षणात जाणारा जोर भरून निघतो. अडचण एकच, वेग कमी झाला की पोटात गाळ बसतो. तो काढायची सोय नसेल तर पाच वर्षांत सायफन मेला. शिवाय काम उन्हाळ्यातच उरकावं लागतं, पावसाळा लागला की पात्रात उभं राहता येत नाही. पावसानं या कामात विश्वेश्वरय्यांनाही दमवलं होतंच.

पुढे १८९९ मध्ये त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, पाणी मर्यादित ठेवायचं, पिकं फिरवायची. वाचल्यावर तुम्हाला काय आठवतं? मला तर सरळ फड दिसतो.

दप्तरखाना

सिव्हिलवाला, जरा थांबा. त्यांनी पांझरेवर काम केलं, फड त्यांच्या डोळ्यांसमोर होता, इथवर मान्य. पण "फड बघून ब्लॉक सुचला" हे जोडकाम तुमचं आहे. पुण्या-नगरच्या कालव्यांवर उसाच्या हव्यासानं जमिनी चिबडत होत्या, तो प्रश्न त्यांना तिथंच भेटला होता. आणि ब्लॉकमध्ये गट ठरवणारा अधिकारी, फडात ठरवणारं गाव. दोन्हीचा साचा सारखा, मालक वेगळा. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या धुळ्यातले आहोत, पुरावा असल्याशिवाय बोलायचं नाही.

सिव्हिलवाला

मान्य. "सुचला" मागे घेतो. पण डोळ्यांसमोर होता हे तुम्हीच लिहिलंत. ;)

रानवाट

सगळे फडाचे गोडवे गाताय म्हणून थोडं कडू लिहितो.

फडात गाव बसून ठरवायचं म्हणजे कोण बसायचं? ज्याची जमीन पाटाखाली तो. ज्याची वर माळावर, किंवा ज्याला जमीनच नाही, तो नाही. आमचे आजोबा जागल्या होते. रात्रभर दुसऱ्याचा ऊस राखायचे आणि खळ्यावर पायली-दोन पायली धान्य मिळायचं, तेही मालकाच्या मनावर. दादरवाला म्हणतात पीक बुडालं तर त्यांचंही बुडालं. बरोबर आहे. फक्त मालकाच्या कणगीत मागच्या वर्षीचं असायचं, आमच्या नसायचं.

पाट बुजवू नये असं मलाही वाटतं. पण ग्रामसभेत बोलताना "आपली थोर परंपरा" वगैरे नको. आमच्या वस्तीतला म्हातारा उठेल आणि विचारील, कोणाची?

दादरवाला

रानवाट, बरोबर आहे तुमचं. मी मालकाच्या ओट्यावरून लिहिलं. बारेकऱ्यांच्या पोरांनी पुढं सुरतला मिल आणि हिऱ्यांची कामं धरली ती हौसेनं नाही. पाटकरी मिळेना हे फड ढिला पडायचं मोठं कारण आहे आणि त्याला जबाबदार आम्हीच. धान्याच्या मापावर पगार वाढवायची वेळ आली तेव्हा मोटारपंप घेतले.

पांझराकाठ (धागाकर्ता)

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. रानवाट, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. पाटकरी आबांच्या घरचं आता गावात कोणी नाही. ते कुठे गेले हे मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

आमच्याकडे फड मोडला कसा ते चुलतभावाला विचारलं. वर लाटीपाडा धरण झालं, कान नदीवर मालनगाव झालं, पाणी अडलं. मग विहिरी आल्या, वीज आली. ज्याला विहीर त्यानं फडाचं पीक मानायचं सोडलं. एकानं उसाच्या फडात कांदा लावला, दुसऱ्यानं डाळिंब. शेजारच्या उसाला पाणी दिलं की कांदा सडतो, मग भांडण. तीन-चार वर्षांत पंच बसायचे थांबले.

भावाचं म्हणणं, विहिरीवर ठिबक आहे, पाट लागतो कशाला?

खान्देशी पोऱ्या

आम्हना गावमा पाट आजूनबी चालू शे भो. आते ऊस नही, आते पाटनं पानी इहिरीसले. पाट दहा दिन चालना का इहिरी वर येतस. तुमना भाऊले इचारा, पाट चालस तव्हय त्यानी इहीरमा पानी कितला हात ऱ्हास आनि पाट बंद व्हयना का कितला. जवाब तोच दी.

सिव्हिलवाला

पोऱ्यानं मुद्द्यावर बोट ठेवलं.

मातीच्या पाटातून पाणी मुरतं. ज्याला खात्याच्या भाषेत गळती म्हणतात आणि तोटा म्हणून लिहितात, ते पाणी जातं कुठे? खालच्या थरात, म्हणजे तुमच्या भावाच्या विहिरीत. खानदेशात खाली काळा पाषाण, त्याला भेगा असतील तेवढंच पाणी धरणार. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात मात्र मुरायला जागा आहे आणि पाट नेमका त्याच पट्ट्यातून जातो. ठिबकनं पाणी वाचतं हे खरं, पण ठिबक विहिरीत पाणी घालत नाही. यावल-रावेरला केळीच्या पट्ट्यात बघा, ठिबक घरोघरी आणि ट्यूबवेल मात्र वर्षागणिक खोल.

काँक्रीटचं अस्तर करायचा मोह होईल कोणाला, तेही नको. पाणी टोकापर्यंत पटकन जाईल आणि वाटेतल्या विहिरी बसतील.

धुळेकर काकू

आमच्या शहराचंही सांगते. नकाणे तलाव कशावर भरतो? पांझरेचं पाणी एक्सप्रेस कालव्यानं येतं तेव्हा. आता अक्कलपाडा धरणातून आणि तापीवरून बाभळ्याची योजना आहे, तरी नकाणे भरला की आम्ही निर्धास्त. म्हणजे शेतीसाठी निघालेलं पांझरेचं पाणी आता आमच्या हंड्यात येतं. वरच्या गावांनी पाट बंद केले तर पाणी वाढून आम्हालाच मिळेल असं कोणी म्हणेल. तसं होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेनं धुळ्यात काय केलं ते आठवतंय ना? पावसाळ्याचं पाणी थोडं थोडं पाटांनी उचललं असतं तर पूर थांबला असता असं मी म्हणणार नाही, एवढ्या पुरापुढे पाट म्हणजे चूळ. पण गावातलं पावसाचं पाणी नदीकडे न्यायला पाट नसला तर ते घरात शिरतं. आमच्या कॉलनीत जुनी चारी बुजवून रस्ता केला. पहिल्याच पावसात गुडघाभर पाणी माझ्या ओट्यावर.

दप्तरखाना

धागाकर्त्यासाठी कामाचं. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. पाट नकाशावर दाखवलेला असेल तर ती जागा कोणाची आणि कशासाठी राखलेली हे समोर येईल. मग पाटबंधारे खात्याच्या शाखेत विचारा, बंधारा त्यांच्या यादीत आहे का. १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम पाहा. शिवाय २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याखाली पाणी वापर संस्था नोंदवता येते. संस्था केली तर त्यात जागल्या-पाटकऱ्यांच्या घरच्यांना पगारी काम द्या, पायलीवर नको. रानवाट यांच्या प्रतिसादाला तेवढं तरी उत्तर व्हावं.

मेहुणबारेकर

आमच्याकडे पाणी वापर संस्था आहे. फलक छान आहे.

पांझराकाठ (धागाकर्ता)

अपडेट देतो. दोन दिवसांची रजा काढून गावी जाऊन आलो.

सकाळी सहाला चुलतभाऊ आणि मी बंधाऱ्यापासून चालायला सुरुवात केली. दादा आधी कुरकुरत होता, "एवढ्या लांबून यासाठी आला का?" पाट साडेचार किलोमीटर भरला, मोबाईलवर मोजला. पहिले दोन किलोमीटर ठीक, गवत आहे पण पाणी जाईल. पहिल्या सांडमाचं तोंड कोणीतरी दगड लावून बंद केलंय. गावात आल्यावर अकरा गटारी पाटात सोडलेल्या. मोजल्या. त्यातली एक आमच्याच घराची निघाली. दादा काही बोलला नाही, मीही नाही.

मळ्यात विहिरीपाशी पोऱ्याचा प्रश्न विचारला. पाट चालू असताना विहिरीला किती पाणी? दादा म्हणाला, गेल्या वर्षी धरणाचं पाणी पाटाला आलं तेव्हा पाच-सहा हात वर होतं, पाट बंद झाल्यावर महिन्याभरात खाली गेलं. म्हणाला, "हे मी कधी असं जोडलंच नव्हतं." मग स्वतःच शेजारच्या तीन विहिरवाल्यांना फोन लावले. तिघांचंही तेच.

ग्रामसभा झाली. वाद झाला, आवाज चढले. स्लॅबचा विषय मागे पडला नाही, रस्ता लागणारच आहे. पण मळ्यांकडचा पट्टा बुजवायचं सध्या थांबलंय. गटारींसाठी वेगळी नाली काढून मगच स्लॅब असं बहुतेकांचं मत पडलं. आमच्या घराची गटार सगळ्यात आधी काढणार असं दादानं उभं राहून सांगितलं, तेव्हा जरा हशा पिकला. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी खरंच विचारलं, पाट साफ करायला माणसं लागतील ती कोणाची आणि कोणत्या भावानं? रानवाट, मला तुमची आठवण झाली. रोजगार हमीतून गाळ काढायचा का, यावर पुढच्या बैठकीत बोलणं आहे.

आता सिव्हिलवाला, एक शंका. शाळेपासून मारुतीपर्यंत स्लॅब टाकलाच तर खालून पाणी जायला पाइप किती व्यासाचा लागेल? ठेकेदार दोन फुटी म्हणतोय.

सिव्हिलवाला

पाइप नकोच, चौकोनी मोरी करा. पाइपात फांदी अडकली की काढणार कोण? मोरीला दर ३० मीटरवर उचलता येणारं झाकण ठेवा, माणूस फावडं घेऊन आत उतरला पाहिजे. पाटाची रुंदी, खोली आणि उतार कळवा, मग माप सांगतो.

खान्देशी पोऱ्या

आनि पयले तो सांडमना दगड काढा भो. पानी चढनं तं शाळामा घुसी.

पांझराकाठ (धागाकर्ता)

दादाला आत्ता फोन केला. दगड कोणी लावला ते त्याला माहीत आहे म्हणे, पण फोनवर नाव सांगत नाही. उद्या सकाळी जाऊन काढतो म्हणालाय. रुंदी-खोलीचं माप टेपनं घेऊन इथंच टाकतो.